शेगडी आणि एसी

लवूने निळं प्लॅस्टिक ओढून काढलं, एसीच्या बाहेरच्या यंत्राला गेज लावलं आणि काटा बघून माझ्याकडे वळला.

"काका, काय नाय ह्यात. शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे गॅस गेला. सगळाच्या सगळा."

तो मार्चमधला रविवार होता. आदल्याच संध्याकाळी मी माझ्या मुलीला, शमिकाला, फोनवर सांगितलं होतं की बाळंतपणाला इकडेच ये. ती ठाण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तिच्या आईने तिच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. पण आई राहिली नाही. त्यामुळे शमिका म्हणत होती, "बाबा, तुम्ही एकटे काय काय करणार? आणि मे महिना. मला इथे आत्ताच सहन होत नाही."

मी म्हटलं, "सखूमावशी येईल नाटे गावातून. आणि खोलीत एसी आहे की."

ती म्हणाली, "एसी चालू आहे ना पण?"

"चालू आहे."

"मग येते."

मी एसी वर्षभर लावलेलाच नव्हता. फोन ठेवल्यावर लावून पाहिला, तर पंख्यासारखी नुसती हवा. म्हणून सकाळी लवूला बोलावलं. त्याचं मारुती मंदिराकडे दुकान आहे. हा एसी त्यानेच आठ वर्षांपूर्वी बसवला होता.

"रेनकोट कुणी घातला हिला?" त्याने पायाशी पडलेलं प्लॅस्टिक उचलून विचारलं.

"मी. पावसाच्या आधी."

"वर सुतळी पण आवळलीत! पाऊस गेल्यावर तरी सोडायचंत. काका, तुम्ही राहता पांढऱ्या समुद्रावर, अगदी किनाऱ्याला. ही खारी हवा आत कोंडली आणि वर्षभर मशीनला खात बसली. उघडी असती तर पावसाने धुतली तरी गेली असती."

माझं गाव संगमेश्वराकडचं, डोंगरातलं. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी माणूस दिसेल ते झाकतो. लाकडं, पंप, गाडी, पडवी. मागच्या वर्षी मेच्या शेवटी माझी बायको, मालिनी, गेली. तिचे दिवस झाले, पाहुणे गेले. मग काय करायचं ते कळेना, म्हणून मी घरातल्या वस्तू झाकत सुटलो. तिचं शिलाई मशीन झाकलं, मिक्सर झाकला, आणि गॅलरीच्या बाहेर वाकून हे यंत्रही बांधून टाकलं. एसी तिच्यासाठीच घेतला होता. मला तो नको होता. बंद ठेवलेली वस्तू झिजत नाही, असं मला वाटत होतं.

मी एकतीस वर्षं मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसरवर होतो. आमच्याकडे गॅस म्हणजे अमोनिया. जरा कुठे गळती झाली की ती नाकाला कळायची. डोळ्यांतून पाणी यायचं. दाराबाहेरून मी सांगायचो की तिसऱ्या व्हॉल्वचं पॅकिंग सैल आहे. माझ्या नाकाला कारखान्यात मान होता. पण एसीतल्या गॅसला वास नाही. घरात माझ्या डोक्यापासून तीन हातांवर तो महिनोन् महिने गळत होता आणि मला पत्ता नव्हता.

मालिनीचंही तसंच झालं होतं. तिला दम लागायचा, जिना चढताना थांबायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. तपासणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतड्यातून थोडं थोडं रक्त जात होतं, वर्षभर तरी. दुखत नव्हतं, दिसत नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"आता?" मी लवूला विचारलं.

"गॅस भरून देतो. तीन हजार घेईन. जूनपर्यंत निघेल, नाय निघेल. निम्मी रत्नागिरी हेच करते. दर मार्चला गॅस भरायचा आणि म्हणायचं, एसी गॅस खातो."

"गॅस कोणी खात नाही. भोक असतं."

"बघा! एवढं कळतं, मग प्लॅस्टिक कशाला बांधलंत?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असेल, कारण लवू माझ्याकडे बघतच राहिला.

भोक शोधायला त्याने पाइपात नायट्रोजन भरला. साबणाचं पाणी करायला मी माझा दाढीचा ब्रश आणि वाटी आणून दिली. फेस करून तो मागच्या जाळीला, म्हणजे कॉइलला, लावत गेला. पहिला बुडबुडा मला दिसला, त्याच्या आधी. मला बरं वाटलं. मग दुसरा दिसला. मग खालच्या कोपऱ्यात चार-पाच एकदम. बोटाने दाबलं तर जाळीच्या पट्ट्या रव्यासारख्या गळून पडल्या.

"हिला डाग देऊन उपयोग नाय," लवू म्हणाला. "कॉइल नवी घालावी लागेल. गॅस, मजुरी धरून चौदा हजार जातील. त्यापेक्षा नवीन मशीन घ्या. छत्तीसपर्यंत येईल. समुद्रावर पाच वर्षं काढली तरी मशीनचे उपकार म्हणायचे. हिने आठ काढली."

"आठ काढली, कारण मालिनी धुवायची."

"काकू? ते माहीत हाय मला. मी सर्व्हिसिंगला आलो की मला सांगायच्या, तू आतलं बघ, बाहेरचं मी करते."

मालिनी नाट्याची. तिच्या वडिलांची होडी होती. समुद्राला लागलेली वस्तू घरी आली की गोड्या पाण्याने धुवायची, हे तिच्या अंगात होतं. दर दुसऱ्या रविवारी ती गॅलरीत उभी राहून मगाने ह्या यंत्रावर पाणी ओतायची. मी आतून ओरडायचो, "विजेची वस्तू आहे ती! कंप्रेसर मी चालवलाय का तू?" ती म्हणायची, "तुम्ही चालवा. मी धुते." बटण बंद करूनच धुवायची, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

मी लवूला नवी कॉइलच घालायला सांगितलं. कंप्रेसरला हात लावून पाहिला होता, त्याला काही झालं नव्हतं. चांगलं यंत्र भंगारात द्यायची मला सवय नाही. आणि बाकीचं जे कारण होतं ते लवूने विचारलं नाही.

कॉइल कोल्हापूरहून यायची होती. आठ दिवस म्हणाले होते, महिना झाला. शमिकाचं वीस एप्रिलचं तिकीट होतं. ती फोनवर सहज विचारायची, "खोली तयार आहे ना?" मी सांगायचो, तयार आहे. खोटं बोलताना मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. अठरा तारखेला खोकं आलं. लवू संध्याकाळपर्यंत बसला. मशीन सुरू झालं आणि गार हवा आली तेव्हा मी खुर्चीत बसून घेतलं.

जाताना त्याने मला बजावलं. "आतली हवेची जाळी पंधरा दिवसांनी धुवायची. बाहेरची मशीन काकूंसारखी धुवायची. वर्षातून तीनदा मला बोलवायचं, सहाशे रुपयांना रडायचं नाय. सव्वीसवर ठेवायचा. आणि मशीन चालू असताना दार-खिडकी बंद. नायतर विजेच्या बिलात घर विकाल."

शेवटचं मला फारच पटलं. मी ते घरात कायदाच करून टाकला.

सखू आली ती एसटीतून दोन पिशव्या, एक गोणपाट आणि लोखंडी शेगडी घेऊन. सखू मालिनीची धाकटी बहीण. नाट्यात वाडीतल्या निम्म्या बाळांना तिने न्हाऊ घातलंय. गोणपाटात कोळसा आणि करवंट्या, पिशवीत अळीव, डिंक, ओवा, शेपा. खोलीत शिरली आणि वर बघून थबकली.

"भावजी, हा डबा इथे बाळंतिणीच्या डोक्यावर?"

"डोक्यावर नाही. पलंग सरकवलाय."

"बाळंतीण म्हंजे वल्या मातीचं मडकं. ते भाजायचं असतं. तुमी त्याच्यावर गार वारा सोडताय?"

"मावशी, मी मडकं नाही," शमिका पलंगावरून म्हणाली. "मी उकडून मरेन."

"तुझी आये मेली काय तुझ्या वेळेला? भर वैशाखात शेगडीवर शेकलीय मी तिला."

"आईनेच हा एसी घेतलाय."

सखू शेगडी कोपऱ्यात ठेवून चहा करायला गेली. तिथून तिचा आवाज आला, "मालूतायला पण शेवटी शेवटी भारीच सुचायला लागलं होतं." पण त्या आवाजात राग नव्हता.

शेवटी तडजोड झाली. एसी चालेल, पण हवा पलंगावर यायची नाही. शेक-धुरीही होईल, सकाळ-संध्याकाळ. मी कायदा सांगितला, "एसी चालू तर दार-खिडकी बंद. विसरायचं नाही." सखू म्हणाली, "नाय विसरत. बिल तुमचं, पण जीव आमचा जातो तुमचं तोंड बघून."

बारा मेला मुलगी झाली. पहाटे दवाखान्यात गेलो, अकराला झाली. जावई मुकुल ठाण्याहून येईपर्यंत ती तीन वेळा रडून झोपलीही होती. चेहरा कोणासारखा, ते मला सांगता येत नाही. सखू म्हणाली, नाक भावजींचं आहे. मी म्हटलं, नाक नको देऊ माझं, ते काही कामाचं राहिलेलं नाही.

घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सखूने मला मासळी आणायला बंदरावर पिटाळलं. "मोरी आणा ताजी. दूध येतं तिला. आणि मोठी नको, कोवळी बघून आणा." बंदरावर ओळखीचे लोक भेटले, नात झाली म्हणून पाठीवर थापा पडल्या, वेळ गेला. मी दीड तासाने परत आलो.

घरात ओव्याचा छान वास होता. खोलीचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावली होती, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. मी दार ढकललं. एसी चालू होता. खिडक्या बंद होत्या. शमिकाच्या पलंगाखाली शेगडी होती आणि कोळसे लालभडक फुलले होते. बाळ शमिकाच्या कुशीत झोपलं होतं. सखू भिंतीला टेकून जांभया देत होती.

"बाबा," शमिका डोळे न उघडता म्हणाली, "डोकं फार जड झालंय."

मी वास घेतला. ओव्याशिवाय कसलाच वास नव्हता. पण कोळशाच्या विषारी गॅसलाही वास नसतो. कारखान्यात थंडीत रात्रपाळीचे दोन जण बंद खोलीत शेगडी घेऊन झोपले होते. ते मी विसरलेलो नाही. त्यातला एकच उठला.

मी पिशवी टाकली. बाळाला उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन गादीवर ठेवलं. परत येऊन दोन्ही खिडक्या उघडल्या, शमिकाला धरून बाहेर आणलं, सखूला हाताला धरून ओढलं. शेगडी फडक्याने उचलून गॅलरीत ठेवली. मी ओरडत होतो, पण काय ते मला आठवत नाही. शमिका नंतर म्हणाली, "तुम्ही आईला हाका मारत होतात."

बाळ त्या गडबडीत जागं झालं आणि जोरात रडायला लागलं. मी त्या रडण्याकडे बघत उभा राहिलो. मग रिक्षा बोलावून तिघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला आणि दोघींना तपासलं, काही वेळ थांबवून घेतलं, ऑक्सिजन लावला. म्हणाल्या, वेळेवर बाहेर काढलंत, आता काळजी नाही. मग मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. झापून घेताना मला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर सखू स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिने मोरीची पिशवी उचलली होती, पण कापायला घेतली नव्हती. मी गेलो तर म्हणाली, "मी काय मुद्दाम केलं काय? तुमीच सांगितलंत ना? एसी चालू तर खिडकी बंद. आमच्या घरात कौलांतून वारा येतो, भावजी. आमाला काय ठाऊक, खोली बाटलीसारखी बूच लावून बंद होते ती?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"एवढी पोरं शेकली मी. कुणाला कधी..."

"सखू, माझं चुकलं. अर्धाच कायदा सांगितला मी. गॅसचं काम मी केलंय, तू नाही. मला कळायला हवं होतं."

तिने पदराने नाक पुसलं. "मालूतायला कधी बोललात काय असं? चुकलं म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

"वाटलंच," ती म्हणाली आणि विळी ओढून घेतली.

त्यानंतर नवा कायदा झाला. शेगडी खोलीत पेटवायची नाही. शेक द्यायचा तो बाहेरच्या खोलीत, दोन्हीकडचं दार उघडं ठेवून, एसी बंद करून. शेक झाला की शेगडी गॅलरीत. मगच बाळंतीण गार खोलीत. सखूने पहिले दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग तिलाही ते सोयीचं वाटायला लागलं. एकदा दुपारी मी खोलीत डोकावलो, तर पाळण्याची दोरी हातात धरून ती एसीच्या बरोबर खाली झोपली होती आणि घोरत होती. पलंगावरून शमिकाने मला बोटाने गप्प राहायला सांगितलं. संध्याकाळी मी विचारलं, "काय सखू, डबा कसा आहे?"

"बाळासाठी बसले होते," ती म्हणाली. "कानात फडकं बांधून."

ते तीन महिने घर भरलेलं होतं. मी बाजार केला, दुपटी वाळत घातली, अळिवाची खीर हलवायला शिकलो. विजेचं बिल आलं ते पाहिलं आणि भरलं, कोणाला दाखवलं नाही. नातीचं नाव वैष्णवी ठेवलं. बारशाला सखूने नाट्यातून बायका आणल्या होत्या. त्या आळीपाळीने खोलीत जाऊन गार हवा खाऊन येत होत्या आणि बाहेर येऊन म्हणत होत्या, "बाळंतिणीला हे बरं नाय हो."

ऑगस्टमध्ये शमिका ठाण्याला गेली. निघताना म्हणाली, "बाबा, एसी लावत जा. मी येईन तेव्हासाठी म्हणून बंद ठेवू नका." मी दुपारी तासभर लावतो. उकडतं म्हणून नाही, यंत्र चालतं राहावं म्हणून लावतो, असं मी सखूला फोनवर सांगतो. ती म्हणते, "हो हो, कळलं."

परवा लवू सर्व्हिसिंगला येऊन गेला. बाहेरची कॉइल पाहून म्हणाला, "काका, चकचकीत ठेवलीत. कोण धुतं?"

"मीच."

"बटण बंद करून धुता ना?"

"हो."

दर दुसऱ्या रविवारी मी मगाने पाणी ओततो. तेवढं काम मला जमलं आहे. निळं प्लॅस्टिक लवूला देऊन टाकलं. त्याच्या दुकानाचं छप्पर गळत होतं.

एक काम मात्र तसंच आहे. एसीच्या आतल्या यंत्रातून पाणी निथळतं, त्याची नळी गॅलरीत येते. तिथे मालिनी बादली लावायची. बादली भरली की ती उचलून टोकाच्या अबोलीच्या कुंड्यांना घालायची. तिची कंबर दुखायची. ती मला म्हणायची, "एवढी चार फूट नळी वाढवून द्या ना. पाणी आपलं आपण झाडांना जाईल. तुमचंच तर काम आहे हे." मी म्हणायचो, रविवारी बघू. असे कितीतरी रविवार गेले.

नळी मी आणली आहे. जोडायला लागणारा तुकडा आणि क्लिपाही आणल्या आहेत. त्या टेबलाच्या खणात आहेत. बादली भरली की मी उठतो, ती उचलतो आणि अबोलीला पाणी घालतो. नळी जोडायची राहिली आहे.